एकाच डिझेलात देणगी

मी माझ्या वडिलांना वृद्धाश्रमात सोडायला नेलं नव्हतं.

हे वाक्य मी आजवर बेळगुंदीतल्या जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यावर ऐकवलं आहे, बेळगावात कॅम्पातल्या आमच्या ऑफिसात ऐकवलं आहे, आणि एकदा निपाणीच्या बसस्टँडवर एका संपूर्ण अनोळखी गृहस्थालाही ऐकवलं आहे. ते गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे, असू दे. प्रत्येकाची काहीतरी अडचण असतीया." आता या माणसाला काय सांगणार!

सगळं सुरू झालं ते माझ्या बढतीपासून. हेडक्लार्क झालो, आणि बढतीबरोबर माझ्या अंगात दानतही आली. खरं सांगायचं तर दानत आप्पांसाठी आली होती. आप्पा म्हणजे माझे वडील. जन्म बेळगुंदीच्या शेतात काढलेला माणूस, बोलणं कोयत्यासारखं. माझ्याबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते त्यांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं : "गुळाच्या ढेपंवरचा मुंगळा सुटंल, पर आमच्या बाळूच्या हातनं रुपाया सुटायचा न्हाय." (मी काटकसरी आहे. चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळण्याला दुसरा शब्द असेल तर मला माहीत नाही.) पन्नाशी जवळ आली तरी वडिलांनी एकदा, निदान एकदा, चारचौघांत आपल्याला बरं म्हणावं, असं मला फार वाटायचं. हसू नका. तुम्हालाही वाटतं.

म्हणून एका रात्री जेवताना मी जाहीर केलं, "मी एखाद्या चांगल्या संस्थेला पाच हजार रुपये देणगी देणार आहे."

आप्पांचा भाकरीचा घास वाटेतच थांबला.

"कुनाचं?"

"माझे."

"सोताचं?"

"हो, आप्पा!"

आप्पांनी घास ताटात परत ठेवला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वंदना, ह्याला ताप हाय काय बघ जरा."

मग संस्था निवडायची मोहीम सुरू झाली. आप्पांचं म्हणणं, गावच्या देवळाला पंखा द्यावा आणि पात्यांवर नाव रंगवून घ्यावं. मी म्हटलं, पंखा फिरायला लागला की नाव कुठं दिसतंय? आप्पा म्हणाले, "लाइट गेली की दिसतंय की! आनि लाइट तर रोजच जाती." आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीत दिलेली, तेव्हा यात्रेसाठी माहेरी आली होती. तिनं निपाणीतल्या एका मराठी वाचनालयाचं नाव काढलं. मला एकदम आमचं ऑफिस आठवलं. आमचे साहेब कन्नड, अर्धी टेबलं कन्नड. मराठी वाचनालयाला दिले तर ती टेबलं माझ्याबरोबर चहा प्यायची बंद होतील. कन्नड शाळेला दिले तर आप्पा मला घरात घेणार नाहीत. वंदना म्हणाली, "भटक्या कुत्र्यांना द्या. त्यांना भाषा न्हाय." यावर आप्पांनी असं काही बघितलं की तिनं आमटी वाढायला घेतली.

शेवटी तोडगा मला सापडला. वृद्धाश्रम! चिकोडीच्या रस्त्यावर एक चांगला वृद्धाश्रम आहे असं ऐकून होतो. तिथं दोन्ही भाषांचे म्हातारे राहतात आणि दोन्ही भाषांत कुरकुर मात्र एकच करतात. कुणाचा विरोध व्हायचं कारण नव्हतं. मी उत्साहानं म्हटलं, उद्याच पैसे पाठवतो.

"बघितल्याबिगर?" आप्पा गरजले. "बैल घेताना दात बघतोय. म्हशीची धार काढून बघतोय. आनि पाच हजार तसंच टाकणार? मी येतो संगं. मी बघून सांगतो मानसं कशी हाईत ती."

इथं मला ती कल्पना सुचली. आमच्या घरात फरशीचं काम काढलेलं होतं. आप्पांना धुळीनं खोकला लागतो म्हणून ते महिनाभर आक्काकडं निपाणीला जाणार होते. निपाणीला जायला गाडी भाड्यानं करायचीच होती. चिकोडीचा फाटा वाटेतच, थोडा आत. म्हणजे एकाच डिझेलात आप्पाही पोहोचतील आणि देणगीही! मी वंदनाला हे सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दान करताना पन डिझेल वाचीवताय व्हय?" तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

आदल्या दिवशी मी वृद्धाश्रमात फोन केला. तो फोन मी आजही शब्दन् शब्द सांगू शकतो, कारण नंतर वंदनानं तो मला अनेकदा ऐकवला. मी म्हणालो, "नमस्कार, उद्या वडिलांना घेऊन येतो. त्यांना जागा बघू दे. त्यांच्या मनाला आली तर पैशाचं तिथंच ठरवू."

पलीकडचे गृहस्थ फार मायेनं म्हणाले, "या सर. काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. पुढं ड्रायव्हर आणि आप्पा, मागं आक्का, वंदना आणि मी. डिकीत आप्पांचा महिनाभराचा संसार : अंथरुणाची वळकटी, उशी, तांब्या, रेडिओ, धोतरांचं गाठोडं आणि औषधांची एक भली मोठी पिशवी. गाडी वृद्धाश्रमाच्या दारात थांबली तेव्हा व्यवस्थापक हात जोडून पायरीवर उभे होते. "बर्री अज्जारं, बर्री! या, या!" म्हणत त्यांनी आप्पांचा हात धरला आणि आत नेलं. आमच्याकडं त्यांनी फक्त एकदा बघितलं. त्या नजरेत समजूत होती. मला वाटलं, देणगीदाराकडं असंच बघतात.

आप्पांना बाहेर बाकावर बसवून त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि विचारलं, "अज्जारंना शुगर आहे काय?"

"आहे थोडी," मी म्हटलं. मला वाटलं, चहासाठी विचारतायत.

"रात्री किती वेळा उठतात?"

हे मात्र चहासाठी नव्हतं. पण माणूस आपुलकीचा दिसतोय, असं म्हणून मी तेही सांगितलं. जेवण काय लागतं, ऐकायला कमी येतं का, स्वभाव कसा आहे. (स्वभावाबद्दल मी थोडं खोटं बोललो.) शेवटी मी घसा साफ करून म्हटलं, "आम्ही देणगी द्यायला आलोय."

व्यवस्थापकांनी टेबलावरून हात पुढं करून माझ्या हातावर ठेवला. "सगळे पहिल्यांदा असंच म्हणतात, सर. लाज वाटून घेऊ नका. इथं कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

वंदनानं मला कोपरानं ढोसलं. मी तिला परत ढोसलं, कारण मला वाटलं ती रक्कम कमी कर म्हणतेय.

मग आप्पांना घेऊन आम्ही जागा बघायला निघालो. स्वच्छ लांबलचक व्हरांडा, खिडकीशी ओळीनं खाटा. शेवटच्या खाटेवर आप्पांची वळकटी पसरलेली होती! उशाला त्यांची उशी, बाजूला तांब्या, कोनाड्यात रेडिओ. तिथल्या कामवाल्या मावशींनी डिकीतून सगळं काढून व्यवस्थित लावूनही टाकलं होतं. "वारा चांगला येतोय हितं," त्या आप्पांना सांगत होत्या.

आप्पांनी वळकटीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग ते हळूच खाटेवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "वंदना," ते म्हणाले, "औषधाची पिशवी हितंच ठेव. हाताला येईल अशी."

आप्पा मला आयुष्यभर बोलत आले होते, पण असे गप्प कधी झाले नव्हते. त्या एका मिनिटाचं मला आजही हसू येत नाही.

पण शांतता आक्काला मानवत नाही. "बाळू!" ती कडाडली. "माझ्या घरी सोडतो म्हणून मला गाडीत घातलंस आनि हितं आनलंस व्हय रं आप्पांना? म्हैनाभर बापाला सांभाळायला मी मेलेते काय?"

"आक्का, अहो, देणगी..." वंदना मध्ये पडली.

"तू गप गं! फरशीचं काम कुनी काढलं? तूच न्हवं?"

"अगं आक्का, तुझ्याकडंच चाललोय! डिझेल वाचावं म्हणून..."

"बापापरीस डिझेल म्हागलं व्हय तुला?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "मी फक्त पैसे द्यायला आलोय! माझे वडील मला पाहिजेत!" कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. सगळे आजी-आजोबा माझ्याकडं वळले आणि माना डोलावू लागले, कुठलीही तक्रार नसल्यासारखे. पायरीवर मेथी निवडत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "माझा थोरला बी असंच म्हनला हुता, बाबा. देणगी द्याला आलोय म्हनून." आणि परत मेथी निवडू लागल्या.

माझे डोळे भरून आले, आणि ते बघून व्यवस्थापकांची खात्रीच पटली. "सर, रडू नका," ते म्हणाले. "रविवारी भेटायला येता येतंय."

तेवढ्यात आप्पा बोलले. "म्यानेजर, ह्यो किती देतो म्हनला?"

"रकमेचं अजून बोललो नाही, अज्जारं."

आप्पांनी माझ्याकडं हनुवटी उडवली. "सांग त्यास्नी."

"पाच हजार," मी म्हटलं.

व्यवस्थापक थोडे घुटमळले. "महिन्याला, सर?"

"नाही. एकदाच."

"एकदाच?" व्यवस्थापक.

"एकदाच!" आप्पा. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि ताडकन उभे राहिले. "ऐकलासा न्हवं? पाच हजार, एकदाच! आनि तेवढ्यात मी मरंस्तवर ऱ्हायचं? म्यानेजर, बापाला सोडाय आलेला मानूस निदान त्या दिवशी तरी हात सैल सोडतोय. ह्येनं पाच हजाराचा आकडा धरलाय. म्हंजे ह्यो खरोखरच देणगी द्याला आलाय!"

व्यवस्थापकांनी माझ्याकडं नव्यानं बघितलं. आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, "व्हय की. हे पटतंय." वंदनाही मान डोलावत होती. इतका वेळ मी घसा फोडून सांगत होतो ते कुणाला पटत नव्हतं, आणि माझा चिकटपणा पुढं आल्याबरोबर सगळ्यांना पटलं! माझ्या निर्दोषपणाचा एवढा अपमान कुणी केला नव्हता.

मला राहवलं नाही. मी छाती पुढं काढून म्हटलं, "दहा हजार देतो!"

आप्पा वळकटी गुंडाळता गुंडाळता थांबले. "थांब. आता मातूर मला शंका याला लागली."

आणि दहा हजार माझ्या मोबाइलवरून जाईपर्यंत त्यांनी वळकटी छातीशी धरून ठेवली. मग मात्र त्यांनी व्यवस्थापकांना सगळ्या खाटांकडं बोट दाखवत बजावलं, पैसे आजी-आजोबांच्या जेवणालाच लागले पाहिजेत, रंगरंगोटीला नकोत. निघताना मेथीवाल्या आजींजवळ थांबून त्यांनी आपला रेडिओ त्यांच्या हातात दिला. "ठेवा. माझ्या लेकीकडं टीव्ही हाय." आजींनी तो लगेच लावून बघितला. तेव्हा कुठं मला कळलं, देणगी कशी देतात ते.

गाडीत बसल्यावर मी हळूच म्हटलं, "आप्पा, खरंच सांगतो, मी तुम्हाला सोडायला नव्हतं आणलं."

"ठावं हाय रं," आप्पा पुढं बघत म्हणाले. "पर घटकाभर वाटलं मला. वाटलंच." मग त्यांनी मागं न बघता हात मागं केला आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. निपाणी येईपर्यंत त्यांनी तो तिथंच ठेवला.

महिन्यानं आप्पा गावी परतले, पण त्यांच्या आधी गोष्ट परतली होती. आक्कानं ती बसमध्ये कुणालातरी सांगितली, त्यानं ती सोसायटीच्या कट्ट्यावर आणली, आणि कट्ट्यावर तिचं पक्कं रूप ठरलं : बाळूनं बापाला सोडायला नेलता, पण रेट ऐकला आणि परत घेऊन आला.

मी कट्ट्यावर गेलो ते हे खोडून काढायलाच. तिथं आप्पा आणि त्यांचे मित्र परसूकाका बसले होते. परसूकाकांचा एक मुलगा पुण्याला, एक बेंगळूरला, दोघंही मोठे पगारदार. मी "काका, खरी गोष्ट अशी आहे की" एवढं म्हणतोय तोवर त्यांनी माझा हात धरला.

"बाळू, तुझ्यासारखं चिकट पोरगं पायजे हुतं रं मला! माझी दोन्ही पोरं लई सढळ हाताची. काय पायजे तेवढं पैसं टाकत्यात. मला रात्री झोप येत न्हाय."

आप्पा ताठ बसले. कट्ट्यावरच्या सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "असलं पोरगं नशिबात असावं लागतंय."

चारचौघांत! आप्पा! माझ्याबद्दल! ज्याची मी पन्नाशीपर्यंत वाट बघितली ते अखेर मिळालं होतं. 'मी दहा हजार दिलेत' हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. एवढ्या मुश्किलीनं कमावलेली अब्रू एका वाक्यात घालवायला मी काय उधळ्या आहे?