नवागामवाल्यांचं मडकं

उषाबाई मूळची पारोळ्याकडची. लग्नानंतर सुरतेला आली आणि नवागामात, खानदेशातून आलेल्या मजुरांच्या वस्तीत, एका खोलीत संसार मांडला. नवरा निंबा कापड विणायच्या लूमवर कामाला जायचा. ती साड्यांच्या एका कारखान्यात घड्या घालायची. आठ वर्षांत तिचा हात असा बसला होता की नव्या बायकांना सुपरवायझर रमणभाई तिच्याच शेजारी शिकायला बसवत. तरी तिला नावानं कुणी बोलवत नसे. हाक यायची ती ‘ए मराठण’ अशी. तिनंही ते अंगवळणी पाडून घेतलं होतं.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात शहरात प्लेगची बातमी पसरली आणि जो तो मिळेल त्या गाडीनं पळाला. उषाबाई मुलांना घेऊन गावी गेली. कारखान्यात तिच्याशेजारी बसणारी हंसाबेन भावनगरला माहेरी गेली. दिवाळीच्या ऑर्डरी होत्या म्हणून तीन आठवड्यांनी दोघी एकाच दिवशी परत आल्या. हंसाबेन सरळ आत गेली. उषाबाईला रमणभाईंनी दारात अडवलं. नवागामच्या बायकांनी आधी डॉक्टरचा कागद आणायचा, असं त्यांनी सांगितलं.

दोन दिवस ती पालिकेच्या दवाखान्यात रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी छाती तपासली, ताप पाहिला आणि प्रकृती ठीक असल्याचं लिहून दिलं.

कागद देऊन ती आत गेली, तर नवागामच्या बाराही बायकांची जागा पंख्यापासून लांब, संडासाजवळच्या बोळात केलेली. तिथंच एक वेगळं मडकं ठेवलं होतं. तुमचं पाणी तिथलं, रमणभाई म्हणाले. सहा वर्षं जिच्यासोबत डबा खाल्ला ती हंसाबेन दुपारी पाठ करून जेवली. ऑक्टोबरचा उकाडा होता, पण उषाबाईनं दिवसभर पाण्याचा घोट घेतला नाही.

घरी निंबा म्हणाला, दिवाळीपर्यंत कळ काढ.

“आपन काय ढोरं शेतस का?” ती आपल्या अहिराणीत म्हणाली. लूमवर निंबाचंही काही वेगळं चाललेलं नव्हतं.

सकाळी ती बाकीच्या अकरा जणींशी बोलली आणि मग रमणभाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“माझा कागद परत द्या.”

कशाला, म्हणून ते हसले.

“मी बरी आहे असं डॉक्टरनं त्यात लिहिलंय. तुम्हाला ते खरं वाटत नाही, तर ठेवून काय करणार?”

मागं बायकांनी हातातल्या साड्या खाली ठेवल्या. बाहेर टेम्पो भरायला उभा होता. थोड्या वेळानं कारखान्याचे शेठ स्वतः खाली आले. उषाबाईनं त्यांनाही तेच सांगितलं, आणि कागद मागायचा तर भावनगरहून आलेल्यांकडेही मागा, असंही म्हणाली. शेठनी एकदा टेम्पोकडे पाहिलं आणि ते मडकं काढायला सांगितलं. बायका आपल्या जुन्या जागी बसल्या. शेठना काही आपली कणव आलेली नाही, माल अडला होता, हे तिला ठाऊक होतं.

रमणभाईंनी डूख धरला. दिवाळीपर्यंत तिला घड्यांवरून काढून गठ्ठे उचलायला लावलं. रात्री तिची कंबर धरायची. पण त्या दिवसापासून ते तिला ‘उषाबेन’ म्हणू लागले, आणि त्यांचं ऐकून इतरही.

चार दिवसांनी हंसाबेन डबा घेऊन जवळ आली. नवागामवाल्यांसोबत जेवायचं नाही अशी सासूनं शपथ घातली होती, म्हणाली. मग थांबून म्हणाली, “मी घाबरले होते.”

“मीपण घाबरलेच होते, हंसाबेन. पण मी तुमच्याकडे पाठ नाही केली.”

हंसाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. उषाबाईनं सरकून तिला जागा करून दिली. दोघी जेवल्या, पण बोलल्या नाहीत. पहिल्यासारखं घरचं, सासरचं, मुलाबाळांचं बोलणं सुरू व्हायला पुढं होळी उजाडली.