चॅम्पियनला दिलेला तांब्या

माझ्या गुरूंनी आठ दिवस माझं तोंड बघितलं नाही. कारण? मी त्यांना गुरुदक्षिणा द्यायला गेले होते.

आज त्यांचा, कुराता-सानांचा, स्मृतिदिन. दरवर्षी लिहीन म्हणते आणि राहून जातं. यंदा लिहितेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अजितच्या नोकरीमुळे आम्ही टोकियोत आलो. आमच्या निशी-कसाई भागात तेव्हा इंडियन दुकानं वगैरे काही नव्हती. नवरा ऑफिसात, आणि मी, चांगली एम.कॉम. झालेली बाई, घरात भिंतींशी मराठी बोलत होते.

शेवटी जवळच्या गोल्फ प्रॅक्टिसच्या मैदानावर पार्ट-टाइम काम धरलं. उंच हिरव्या जाळ्यांच्या आत लोक बॉल मारायचे, मी ते गोळा करून धुवायची. बोलावं लागायचं नाही, म्हणून तर मला घेतलं होतं!

तिथे रोज दुपारी एक आजोबा यायचे. नव्वदीला टेकलेले, पांढरी टोपी आणि टाय. हो, टाय!

एकदा जुन्या वळणाच्या इंग्लिशमध्ये म्हणाले, "तुम्ही कोणाशीच बोलत नाही."

"मला जपानी येत नाही."

"मग शिका. काम संपलं की दहा बॉल, दहा वाक्यं."

म्हणजे मी एक जपानी वाक्य बोलायचं. बरोबर आलं तर ते बॉल मांडणार आणि मी मारायचा. चुकलं तर बॉल त्यांच्या खिशात.

पहिल्या दिवशी दहाच्या दहा बॉल खिशात गेले. रडकुंडीला आणलं होतं मला.

असं वर्षभर चाललं. एक दिवस खाडा नाही.

आणि मला एका ऑफिसात नोकरी लागली. अख्खा इंटरव्ह्यू जपानीत! तरी ऑफिस सुटल्यावर मैदानावरचे दहा बॉल चालूच होते.

पहिला पगार झाला आणि गुरुपौर्णिमा आली. मी आपली पुण्याची. पाकिटात नोटा घातल्या, वर एक येनचं नाणं. पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि वाकून पायांना हात लावला.

ते दोन पावलं मागे सरकले. चेहरा पांढराफटक. पाकीट काउंटरवर ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत.

मला वाटलं, पाया पडले ते आवडलं नसावं. मैदानाच्या मॅनेजरला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. "शिकवण्याचे पैसे दिलेत? कुराता-सानना? ते कोण आहेत माहीत तरी आहे का?"

मला कुठे माहीत होतं! मग त्यानेच सांगितलं.

गोल्फ जपानमध्ये नवा होता तेव्हा कोबेच्या डोंगरावर, परदेशी व्यापाऱ्यांच्या मैदानात हा माणूस खेळायला शिकला. ऐन तरुणपणी दोनदा देशाचा अमॅच्युअर चॅम्पियन झाला. अमॅच्युअर म्हणजे खेळण्याचे किंवा शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. घेतले की झालात प्रोफेशनल.

मग युद्ध आलं. मैदानात रताळी लावली गेली. चॅम्पियनशिपचा चांदीचा कप सरकारने धातू गोळा करताना नेला. युद्धानंतर अमेरिकन ऑफिसर पैसे देऊन शिकायला तयार होते. कुराता-सान नाही म्हणाले आणि गोदामात कारकुनी धरली. चाळिशी उलटल्यावर पुन्हा एकदा चॅम्पियनशिप खेळले. शेवटून पहिले आले!

पण एक येन घेतला नाही. आणि मी, शहाणी, पाकीट घेऊन उभी.

घरी येऊन अजितसमोर ढसाढसा रडले. या परक्या देशात माझ्याशी बोलणारा एकच माणूस होता, तोही मी घालवला होता.

अजित सोसायटीच्या सगळ्या क्रिकेट टूर्नामेंट खेळलेला. विचार करून म्हणाला, "पैसे चालत नाहीत ना? मग कप दे की. अमॅच्युअरला कप चालतो."

आता कप कुठून आणायचा? स्वयंपाकघरात शोधाशोध केली. लग्नात मावशीने दिलेला स्टीलचा तांब्या निघाला. रीतसर नाव घातलेला, 'चि. सौ. कां. मेधा हिस सप्रेम.'

घासूनपुसून, मॅनेजरकडून पत्ता घेऊन रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीने दार उघडलं. ते ताठ बसले होते. मी जपानीत माफी मागितली.

ते म्हणाले, "युद्धानंतर घरात तांदूळ नव्हता. बायकोने एकेक किमोनो विकला, पण पैसे घेऊन शिकवा असं कधी म्हणाली नाही. तुमचं पाकीट घेतलं असतं तर तिला काय तोंड दाखवलं असतं?"

त्यांच्या मागे घरातल्या देव्हाऱ्यात तिचा फोटो होता.

मी पिशवी उघडली. तांब्या दोन्ही हातांनी पुढे केला. "हे पैसे नाहीत. कप आहे."

त्यांनी तो फिरवून पाहिला. अक्षरांवरून अंगठा फिरवला. "काय लिहिलंय?"

"माझं नाव."

"कपावर जिंकणाऱ्याचं नाव असतं, मेधा-सान."

"मग बरोबर आहे. पण जिंकवलं तुम्ही."

ते हसले. पहिल्यांदाच, अगदी खळखळून. मग उठले, तांब्या बायकोच्या फोटोसमोर ठेवला आणि हात जोडून तिला हळूच म्हणाले,

"कप परत आणलाय गं. फार उशीर झाला. माफ कर."

कुराता-सान, आज या देशात मी चार माणसांत बोलते, ते तुमच्यामुळे. मनापासून आभार.

तुमच्या आणि तुमच्या पत्नीच्या स्मृतीला माझं विनम्र वंदन.