कायमचा पत्ता

आमच्या दाराशी आले की काका उंबरठ्याबाहेर थांबत आणि विचारत, "आत कायदा कोणाचा चालतो?"

"आईचा," मी म्हणायची. मग चपला काढून ते आत येत.

फणसवाडीतल्या आमच्या चाळीत, शेजारच्या अकरा नंबरच्या खोलीत ते एकटे. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. एखादा मुद्दा पटला की हवेत शिक्का मारायची सवय. असे शेजारी तुम्हीही पाहिले असतील. त्यांना आपलं सगळं माहीत असतं, आपल्याला त्यांचं काहीच नाही. मी तशी कमी बोलणारी. कायदा शिकत होते, तोही इंग्रजीतून. युरोपचा सामाईक कायदा हा विषय मला धुक्यासारखा वाटायचा. प्रत्येक देशाचा आपापला कायदा, आणि वर आणखी एक.

"सोपं आहे गं," काका म्हणाले. "खोलीत ज्याचा त्याचा कायदा, गॅलरीत वाडीचा. घरात तू कांदा खा नाहीतर उपास कर. गॅलरीत कपाट ठेवलंस, की वाडी बोलणार."

त्या एका वाक्यावर मी पेपर लिहून आले.

काकांना मात्र हा विषय परीक्षेसाठी नको होता. त्यांची मुलगी लिस्बनला वारली. जावई आठ वर्षांच्या नातीला घेऊन बेल्जियमला गेला आणि फोन उचलेनासा झाला. नात भेटावी म्हणून अर्ज करायचा होता.

"दार कुठलं ठोठावायचं? लिस्बनचं, बेल्जियमचं, की आपलं इथलं?"

दुपारी आम्ही गॅलरीत वाचत बसायचो. वाळत घातलेल्या साड्यांतून ऊन पानांवर निळं, पिवळं होऊन उतरायचं. काकांचे डोळे मिटायचे, आणि मला वाटायचं, साडी जरा बाजूला केली तर खाली वाडीचा चौक नसेल, तिकडचा एखादा कालवा असेल.

अशाच एका दुपारी मी वाचून दाखवलं: मुलाचा 'हॅबिच्युअल रेसिडन्स' जिथे, तिथलं कोर्ट. मराठीत मला फॉर्मवरचा शब्द सुचला. "कायमचा पत्ता."

काका ताठ बसले. "मग प्रश्नच मिटला. तिचा कायमचा पत्ता ही खोली." हवेत शिक्का मारला आणि कच्च्या अर्जावर वळणदार अक्षरात लिहिलंही: खोली नंबर अकरा, फणसवाडी.

चूक मला त्याच संध्याकाळी कळली. सांगायला दोन दिवस लागले.

"काका, माझं मराठी चुकलं. कायमचा नाही, रोजचा. जिथे तिची शाळा आहे, मैत्रिणी आहेत."

त्यांनी कच्चा अर्ज पुढे ओढला. "म्हणजे तिला भेटायचं, तर आधी मीच लिहून द्यायचं, की तिचं घर इथे नाही."

"हो."

"मग भेटू देतील?"

"वरचा कायदा एवढंच सांगतो, की दार तिकडचं, आणि आजोबांनाही ते ठोठावता येतं. उघडायचं की नाही, ते तिथलं कोर्ट तिथल्या कायद्याने ठरवणार."

त्यांनी पट्टी लावून फणसवाडी खोडली. बेल्जियममधल्या रस्त्याचं नाव मला एकेक अक्षर विचारत लिहिलं. शिक्का मारला नाही.

उत्तर यायला वर्ष लागलं. दर उन्हाळ्यात दोन आठवडे तिकडे जाऊन भेटता येईल.

आता अकरा नंबरला कुलूप आहे. काल फोटो आला. विटांचं घर, उघडं दार. काका उंबरठ्याबाहेर उभे, बूट हातात, मान जरा झुकवून काहीतरी विचारताहेत.

फोटो नातीने काढलाय, आतून.