जुन्या सर्व्हरवरची चिठ्ठी

ताईचं मनगट मोडलं तेव्हा मी टेबलाखाली लपले होते. त्याची आजही लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

ताई आमच्या कॉलेजच्या टीव्ही केंद्राची तंत्रज्ञ. आम्ही विद्यार्थी कार्यक्रम करायचो आणि मिरवायचो. ते ठरल्या वेळी पडद्यावर जायचे ते तिच्या सर्व्हरमुळे. नऊ वर्षांचा तो जुना खोका. रोज सकाळी त्याला धपाटा घालून ती म्हणायची, "ऊठ, मेल्या." जीव लावला की तिच्या तोंडी हाच शब्द. धाकटा भाऊ कॉलेजातच सुरक्षारक्षक, त्याला डबा देतानाही, "गिळ, मेल्या." आईच्या माघारी तिनंच त्याला वाढवलं होतं.

त्या आठवड्यात नवा सर्व्हर बसला. पण नव्यावर सात दिवस विश्वास टाकायचा नाही, हा ताईचा खाक्या. तोवर जुनाही शेजारी चालू, त्यातही कार्यक्रमांची तीच यादी. नवा थांबला की जुना आपोआप कार्यक्रम पुढे नेणार. आम्हाला नको तिथे बोटं घालायची खोड, म्हणून तिनं जुन्यावर चिठ्ठी डकवली: 'मेला'.

चौथ्या दिवशी वसतिगृहाच्या फाटकापाशी रक्षकांनी एका विद्यार्थ्याला गुरासारखं बडवलं. आमचा कॅमेरा फोडला. त्यातलं कार्ड मी मोज्यात लपवून आणलं. ताईनं ते दोन्ही सर्व्हरवर चढवलं, चित्रण पाहिलं आणि पांढरीफटक पडली. पहिली काठी तिच्या भावाची होती.

"तेवढा भाग काढू का?" मी विचारलं.

"त्या पोराच्या नडगीचं हाड बाहेर आलंय. काही काढायचं नाही."

बातमी चारला लागणार होती. चारला दहा कमी असताना तीन रक्षक दार फोडून आत घुसले, भाऊ सगळ्यांत मागे. म्होरक्यानं कार्ड बुटाखाली चिरडलं.

"कुठल्या मशीनमध्ये आहे?"

ताईनं दाराकडे बोट दाखवलं. काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला टेबलाखाली ऐकू आला. मग त्यांनी पडदे फोडले, नव्या सर्व्हरचा लोखंडी पहारीनं चेंदामेंदा केला. ताईच्या तोंडावर काचा उडाल्या.

"आणि हा?" म्होरक्या जुन्याकडे वळला.

भावानं चिठ्ठी वाचली. त्या शब्दाचा अर्थ त्याच्याइतका कुणाला ठाऊक असणार? तो सर्व्हरच्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्यासमोर आडवा उभा राहिला.

"मेलाय तो. लिहिलंय की. चला."

ते बाहेर पडले आणि चार वाजले. व्हरांड्यातल्या टीव्हीवर माझ्याच आवाजात बातमी सुरू झाली. म्होरक्यानं पडद्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"मेलाय म्हणालास ना?"

तीच पहार त्याच्या डोक्यात पडली. तो कोसळल्यावरही ते दोघं मारत राहिले. ताई मोडका हात पोटाशी धरून धावली तेव्हा कुठे ते पळाले. रक्तात गुडघे टेकून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"ऊठ, मेल्या."

तो उठला नाही.

जुना सर्व्हर अजून चालतो. ताई आता डाव्या हातानं नुसतं बटण दाबते. एकदा तो सुरू होईना, तेव्हा ऐकून ऐकून माझ्याच तोंडून निघून गेलं, "ऊठ, मेल्या." ताईनं माझ्या थोबाडीत मारली. बरं केलं.