पुठ्ठ्याची मसणवट

बायको गेली त्याच वर्षी मी मसणवट बांधली. पुठ्ठ्याची. पोरांना खेळायला. सरळ लिहून टाकतो, कारण फिरवून सांगायला गेलो की माझं मलाच खोटं वाटतं.

ती चैत्रात गेली. मग मुलाने मला विचुंब्याच्या घरातून उचलून करंजाड्याला आपल्या बिल्डिंगीत आणलं. तिथे मला काम नाही. सून चहा द्यायची, मी प्यायचो. गॅलरीत बसून खाली लावलेल्या गाड्या बघायचो. दिवाळीच्या तोंडावर खालच्या मजल्यावरची एक बाई वर आली. सोसायटीचे सगळे कार्यक्रम तीच करते.

"काका, तुम्ही गावाला गणपतीची मखरं करायचात ना? मुलांसाठी एक गेट करून द्या. हॅलोविन आहे."

"ते काय असतं?"

"भुतांचा सण. मुलं भुतं बनून चॉकलेटं मागतात. आम्ही गार्डनमध्ये कब्रस्तान करतोय. दोन खांब आणि बाजूने काळं लोखंडी कुंपण. जुनं, मोडकं दिसलं पाहिजे." तिने मोबाईलवर फोटो दाखवला.

सून म्हणाली, "काकू, बाबांना नको. यंदा आमच्याकडे सण नाहीत."

ती बाई ओशाळली. "अरे हो. सॉरी काका."

मी म्हटलं, "हा काय आपला सण हाय? करतो मी."

किती पटकन म्हटलं. सून बघतच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी पार्किंगच्या कोपऱ्यात बसलो. कापडवाल्याकडून ताग्यातले पुठ्ठ्याचे नळे आणले, खोकी कापली, त्यांचे चौकोनी खांब केले. मैद्याची खळ शिजवून वर कागद चिकटवला. रंगात रेती कालवून मारली की वाळल्यावर दगड वाटतो. सळया म्हणून लाईटचे प्लास्टिकचे पाईप घेतले, टोकाला पुठ्ठ्याचे भाले बसवले, काळा ऑईलपेंट मारला. येणारे जाणारे थांबायचे. काका काय बनवताय, काका भारी. मी बिडी ओढत कारागिरासारखा ऐटीत सांगायचो, "हात नका लावू, ओलं हाय." जेवायला बोलावलं तरी वर जायचो नाही. वॉचमनच्या रेडिओवर लागलेलं गाणं गुणगुणायचो. बायको जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि मी गुणगुणत होतो.

फोटोतल्या खांबांवर गोल चेंडू होते. मी एकाच खांबावर मडकं बसवलं.

बाई म्हणाली, "काका, एकच? आणि मडकं?"

"मोडकं पाहिजे ना तुम्हाला? एक पडलं समजा."

मग एक पाईप घेतला, आत रेती भरली म्हणजे तो चेमटत नाही, शेगडीवर गरम केला आणि मधोमध वाकवला. कुंपणात बसवला. बाई म्हणाली, "वा, काय रिअल वाटतंय!" मलाही वाटलं, कायतरी जमलं खरं.

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. गेलेल्या बाईच्या माहेरचे फराळ घेऊन येतात, बसतात, तिचं नाव काढून रडतात. माझा मेव्हणा, तिचा धाकटा भाऊ, रविवारी येणार होता. मीच फोनवर या म्हटलं होतं. त्याच रविवारी संध्याकाळी पोरांचा कार्यक्रम होता. मला कार्यक्रम आठवत होता. मेव्हणा आठवत नव्हता.

दुपारी मी स्टुलावर उभा राहून मडक्याला काळा डाग देत होतो. मागून आवाज आला.

"दाजी? तुमी हतं? वर गेलतो, सून म्हनाली खाली हाय."

हातात स्टीलचा डबा, अंगात पांढरा सदरा. मी स्टुलावरून उतरलो. हसलो की काय केलं, आठवत नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता. खांबाकडे बघत होता. मग कुंपणापाशी गेला आणि वाकड्या सळईवर हात ठेवला.

"हीच सळई धरून उबं होताव तुमी."

तेव्हा मला दिसलं. गाढी नदीच्या काठी आमच्या गावची मसणवट. सिमेंटचे दोन खांब, एकावरचं मडकं कधीचं पडलेलं. टेंपो मागे घेताना कुणीतरी वाकवलेली सळई. चिता पेटली तेव्हा माझे पाय चालेनात म्हणून मी ती धरली होती. फोटो बाजूला राहिला आणि हातांनी तेच केलं.

मी म्हटलं, "मोबाईलवर बघून केलं रे."

"मोबाईलवर आपली मसणवट हाय काय?" त्याचा आवाज चढला नाही. "माज्या बयनीला वरीस नाय झाला, दाजी. आनि तुमी तिची मसणवट बांधलीव, पोरांना नाचायला."

तेवढ्यात ती बाई आली. "काका, एक नंबर! हे तुमचे भाऊ का? दोघं खांबाजवळ उभे राहा, ग्रुपवर टाकते." आम्ही उभे राहिलो. नाही म्हणायचं सुचलं नाही दोघांनाही. त्याने डबा छातीशी धरलेला. मी त्या फोटोत हसतोय. सुनेच्या मोबाईलमध्ये आहे तो. मी बघायला मागितला नाही.

ती गेल्यावर मी कटर उचलला. सगळंच फाडून टाकायचं. मेव्हण्याने मनगट धरलं.

"आता ऱ्हाऊ द्या. पोरांचा काय गुना? वर तोंडा रंगवून बसलीत."

मग मी फक्त ती वाकडी सळई उपटली आणि तिला घेऊन वर आलो.

घरात आम्ही बसलो. हात टर्पेंटाइनने धुतले तरी नखांत काळं राहिलंच. त्याच हातांनी मी तिच्या माहेरची करंजी खाल्ली. रडायला पाहिजे होतं. मला आलं नाही. तो एकटाच रडला आणि मी करंजी चावत बसलो. खालून पोरांचा आरडाओरडा येत होता. गॅलरीतून बघितलं, तर गेटातून कुणीच जात नव्हतं. सगळी भुतं, मी सळई काढली त्या फटीतूनच आतबाहेर करत होती.

मेव्हणा निघाला. लिफ्टचं दार उघडल्यावर थांबला.

"मडका डाव्या खांबावर होता, दाजी. तुमी उजव्यावर ठेवलाव."

"हो?"

"मी पन तेच बघत होतो त्या दिशी." दार लागलं.

तो वाकडा पाईप माझ्या पलंगाखाली आहे. झाडू मारताना सुनेच्या झाडूला लागतो. ती विचारते, "बाबा, हा भंगारात देऊ का?" मी म्हणतो, "राहू दे." कशाला, असं ती विचारत नाही. विचारलं तर तिला सांगायची मला लाज वाटेल.