सुनंदाताईंच्या डब्यातली भाकरी

त्या दिवशी दुपारची पाळी सुटत होती आणि मी लोणी देवकरच्या एका कारखान्याच्या गेटवर माइक घेऊन उभा होतो. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. आयुष्यात हजारो वाक्यं बोललो असेन, पण सर्वांत चुकीचं वाक्य मी त्या दुपारी बोललो...

तेव्हा मी बारामती एमआयडीसीपासून इंदापूरपर्यंत कामगारांच्या गेटसभांमध्ये बोलत हिंडायचो. खांद्याच्या पिशवीत कायम दोन-तीन पुस्तकं. स्वातंत्र्य या विषयावर तासभर बोल म्हटलं, तर मी दीड तास बोलायचो.

त्या कारखान्यात नवे कॅमेरे बसले होते. गोडाऊनवर बसले, कुणाची तक्रार नव्हती. पण एक बसला बायका डबा खायच्या त्या शेडमध्ये. दिवसभरात तेवढाच अर्धा तास त्यांचा... चपला काढायच्या, पाय पसरायचे, केस सोडून पुन्हा बांधायचे.

सुनंदाताई तिथं पॅकिंगला होत्या, कॉन्ट्रॅक्टवर. एक दिवस सुपरवायझर त्यांना हसत म्हणाला, "काय बाई, रोज दोन भाकरी, आज एकच? उपास का भांडण?" तो शेडमध्ये आलाच नव्हता. केबिनमध्ये बसून त्यानं पडद्यावर पाहिलं होतं.

मला सांगताना त्या रडल्या नाहीत. "त्यानं वंगाळ काय केलं न्हाय, दादा. पन माझ्या डब्यात बघितलं. आता हितं घास गिळत न्हाय मला."

म्हणून ती सभा. मी बोलायला लागलो आणि रस्त्यापलीकडे एक जण खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभा राहिला. आमच्या भागात खांद्यावरचा कॅमेरा म्हणजे लग्न... दुसरा अनुभवच नव्हता. माणसांनी टोप्या सरळ केल्या, खिशातले कंगवे काढले.

मला वाटलं, कुठल्या तरी बातम्यांचा माणूस आला. छाती फुगली. माइकवरून म्हणालो, "मागं का उभे राहताय? पुढं या... सगळे कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत."

आणि सगळे पुढं आले. सुनंदाताई अगदी पहिल्या ओळीत.

चार दिवसांनी कामगारांना एकेक करून ऑफिसात बोलावलं. टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर. चित्र थांबवायचं आणि विचारायचं... हा कोण? त्याच्या शेजारचा कोण? कॉन्ट्रॅक्टवरच्यांना शिवाय बजावलं, पुन्हा सभेत दिसलात तर कामावर येऊ नका.

शूटिंगवाला मालकांनी बोलावला होता. आणि त्यांच्यासाठी माणसं ओळीनं उभी केली होती मी.

सुनंदाताईंना मी निरोप दिला, पुढच्या सभेला तुम्ही येऊ नका, आपण गावात गुपचूप बसून काहीतरी ठरवू. त्यांचा उलट निरोप आला. "म्हंजी आता तुमी बी मला लपायला सांगताय व्हय?"

मी पुस्तकांची पिशवी खुंटीला अडकवली. सभा त्याच गेटवर घ्यायची ठरवली.

शूटिंगवाला आधीच येऊन उभा होता. पाळी सुटली. तोंडाला टॉवेल गुंडाळून मोटारसायकली माझ्यासमोरून निघून चालल्या. एकही थांबेना... मी माइक धरून नुसता उभा.

मग गेटमधून सुनंदाताई एकट्या बाहेर आल्या. माझ्याकडे न बघता सरळ रस्ता ओलांडून त्या कॅमेऱ्यासमोर गेल्या.

"रमेश न्हवं का तू? कोऱ्हाळ्यात माझ्या लग्नाला तूच व्हतास की."

तो गडबडला. "व्हय ताई... ऑर्डर हाय. काय करू?"

"कर की ऑर्डर. तवा 'ताई, मान वर करा' म्हनून इचारून काढत व्हतास. आज न इचारता काढाय लागलास? थांब जरा."

त्यांनी डबा खाली ठेवला, तोंड पुसलं, पदर नीट खोचला. "हां. आता घे." आणि आपलं पूर्ण नाव, माहेर, सासर मोठ्यानं सांगितलं. "आमच्या जेवनावरचा कॅमेरा काढा. हे मी सांगतीया. ही कोन म्हनून दुसऱ्या कुनाला इचारत बसू नका."

रस्त्यावर एक मोटारसायकल बंद झाली. कारखान्यातले फिटर तात्या उतरले, तोंडाचा टॉवेल काढला. "माझं बी घे रं. आन् टोपी कापू नगंस वरनं."

मग ओळच लागली. नाव, गाव. नाव, गाव... त्या दिवशी मी भाषण केलं नाही. पहिल्यांदाच नुसतं ऐकलं.

पंधरा दिवसांनी शेडमधला कॅमेरा निघाला. सुनंदाताईंचं कॉन्ट्रॅक्ट मात्र दिवाळीनंतर वाढवलं नाही. त्या बारामतीला एका डेअरीत लागल्या. त्या पहिल्या सभेबद्दल मी माफी मागितली, तेव्हा म्हणाल्या, "तुमी बी टोपी सरळ करनाऱ्यातलंच, दादा." आणि हसल्या.

हे आज लिहायचं कारण... परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर कॅमेरे बसवायचं ठरत होतं. मी उठून विचारलं, त्यांची तोंडं कुणाच्या दाराकडे असणार? बघणार कोण? ते रेकॉर्डिंग किती दिवस ठेवणार?

एक तरुण सभासद हसून म्हणाले, "सर, तुम्हाला लपवण्यासारखं आहे तरी काय?"

मी म्हणालो, "एखाद्या दिवशी माझ्या डब्यात एकच भाकरी असते."

कुणाला काही कळलं नाही. विषय पुढच्या मीटिंगवर गेला. त्या मीटिंगला मी जाणार आहे, पहिल्या ओळीत बसणार आहे आणि हेच तीन प्रश्न पुन्हा विचारणार आहे. सुनंदाताई, उभं कसं राहायचं हे मला तुम्ही शिकवलंत.