डायरेक्ट केलेला ब्रेक

मी वर्ध्याच्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षण हा धडा इतकी वर्षं शिकवल्यावर स्वतःच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलायला मेकॅनिककडे जाणं मला कमीपणाचं वाटलं. बाकी काही कारण नव्हतं. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, आणि शनिवार-रविवारची सुट्टी बघून मी जॅक लावून चाक काढलं.

आमच्या सेकंडहँड गाडीत पॅडच्या पोटात एक बारीक तार असते. पॅड झिजत झिजत तिथपर्यंत आलं की तार तुटते आणि दिवा लागतो. एवढाच तो सेन्सर. मी दोन दिवस हात काळे केले, बोटाचं सालटं काढून घेतलं आणि नवे पॅड बसवले. ब्रेक असा लागला की मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे आली. दिवा मात्र तसाच. पॅड नवे असले तरी तार तुटलेलीच होती, आणि नवी तार नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते.

हे मी बायकोला फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं.

"दिवा लागूनच हाये न?" ती म्हणाली, आणि एसटीने देवळीला माहेरी निघून गेली. सोमवारी परत आली ती वडिलांना घेऊन.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कापूस आणि सोयाबीन करतात आणि खिशात पक्कड ठेवतात. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर सारखा पडायला लागला की आमच्याकडे लोक त्याला मधून काढून टाकतात आणि तार थेट जोडतात. याला डायरेक्ट करणं म्हणतात. स्टार्टर पडतो तो मोटर जळू नये म्हणून, हे सगळ्यांना माहीत असतं. पण वीज चार घटका येते आणि पिकाचं ओलित थांबलेलं असतं. मामाजींनी त्याच तत्त्वावर घरचा इन्व्हर्टर मुका केला होता. त्यांच्या हयातीत कुठल्याही यंत्राची कुरकुर दोन दिवसांवर टिकलेली नाही.

ते चाकाशी वाकले, सेन्सरच्या तारेची दोन टोकं सोलून एकमेकांना पिळली, वर टेप गुंडाळला. दिवा विझला. बायकोने त्या दिवशी पाटवडी रस्सा केला. शेजारीपाजारी येऊन बघून गेले की जावयाला दोन दिवसांत न जमलेला ब्रेक सासऱ्यांनी पाच मिनिटांत कसा दुरुस्त केला. मी रस्सा खाल्ला आणि एक शब्द बोललो नाही. सासऱ्यांचा मान ठेवतोय असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी रुसलो होतो. कुणीतरी मला विचारावं, मग मी सांगेन, असा माझा हट्ट होता. कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मामाजी पुन्हा आले, तर शेजारचे कापड दुकानदार आपली गाडी घेऊन फाटकात हजर. त्यांचाही लाल दिवा. दुसऱ्या दिवशी बायको-पोरींना घेऊन चिखलदऱ्याला जायचं होतं. मामाजींनी बाह्या वर केल्या, पक्कड काढली. चिखलदऱ्याचा घाट माझ्या डोळ्यांपुढे आला आणि माझा रुसवा जागच्या जागी संपला.

"थांबा मामाजी. पयले चाक काढून पाहू."

चाक काढलं. पॅडवर पॅड उरलंच नव्हतं, नुसती लोखंडाची पट्टी होती आणि तिने समोरची तबकडी खरवडून ठेवली होती. दुकानदार खालीच बसले. मामाजींनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"मंग आपल्या गाडीत?" त्यांनी विचारलं. "पोरगी आठ दिवस त्यातच फिरून राह्यली."

"तिच्यात म्या नवे पॅड टाकले होते. तुमी यायच्या आदल्या दिवशी."

"मंग तवाच बोल्ले काऊन नाई?"

मी मानाबिनाचं काही बोलायला तोंड उघडलं, तोवर मामाजी बोटांवर मोजायला लागले होते. या आठ दिवसांत देवळीत त्यांची कीर्ती पसरली होती. तीन गाड्या त्यांनी डायरेक्ट केल्या होत्या.

आम्ही तसेच देवळीला निघालो. पहिल्या दोन गाड्या दारातच उभ्या होत्या. मामाजींनी पिळलेली तार सोडली, दिवा लावून दिला, आणि चांगली चालणारी गाडी बिघडवल्याबद्दल दोन्ही घरी बोलणी खाल्ली. तिसरी गाडी समुद्रपूरला गेली होती, मालक म्हाताऱ्या आईला घेऊन. फोन कुणी उचलेना. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. चहा आला, निवला. मामाजींनी कपाला हात लावला नाही. मला भयंकर भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज. माझ्या एका वाक्याने हे सगळं आठ दिवसांपूर्वीच थांबलं असतं.

दिवेलागणीला गाडी आली. ब्रेक लागताना लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज गल्लीभर झाला. म्हातारी सुखरूप उतरून घरात गेली. मालक खुशीत होता, म्हणाला की दिवा एकदाही लागला नाही. मामाजी गुडघ्यावर बसले, टेप काढला, तार सोडली. डॅशबोर्ड लाल झाला.

"काका, बिघडवली का?"

"हो," मामाजी म्हणाले. "गाडी आता हालवू नोको, उद्या जावई इथंच येऊन पॅड टाकतीन. आमच्या गाडीचा ब्रेक त्यायनं केलता. म्या फक्त दिवा इझवला होता."

हे वाक्य ऐकायला मी आठ दिवस टपून बसलो होतो. ते आलं तेव्हा मी मान खाली घालून त्यांची पक्कड पुसत होतो.